पक्का हात

वादळ एका दुपारी आलं आणि तासाभरात गावातली निम्मी घरं बोडकी करून गेलं. कौलं रस्त्यावर, कौलं विहिरीत, कौलं उभ्या पिकात. शाळेचं छप्पर तर सबंध खाली आलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच भट्टीवाल्यांच्या अंगणात ही गर्दी. एरवी गावातलं इकडे फारसं कुणी फिरकत नसे, पत्रे स्वस्त पडतात म्हणून. पण वादळात पत्रेच आधी सुटले आणि एकदोघांच्या माना थोडक्यात वाचल्या, तेव्हा कुठं लोकांना कौलांची आठवण झाली.

भट्टीचा म्हातारा खाटेवर बसून सगळ्यांचं ऐकत होता. सत्तरी उलटलेला माणूस, पण आवाज अजून खणखणीत.

"भाजायला दोन दिवस," तो म्हणाला. "निवायला चार."

"चार दिवस? लेकरंबाळं उघड्यावर आहेत हो!"

"मग निवायची वाट बघत नाही," म्हातारा म्हणाला आणि मान वळवून अंगणाच्या कोपऱ्याकडे बघितलं. "आमच्याकडे पक्की आहे. गरम भट्टी उपसू."

पक्की म्हणजे त्याची थोरली सून. ती कोपऱ्यात चिखल तुडवत होती. सगळ्यांच्या नजरा वळल्या तशी तिनं मान खाली घातली, पण ऐकायला बरं वाटलं. या घरात आली तेव्हा तिला 'फुटकी' म्हणत. पहिल्या वर्षात तिनं इतकी कौलं फोडली, की म्हातारा म्हणे, ही सून नव्हे, हातोडा आणलाय. भाजलेल्या कौलाला हात लागला की ती किंचाळायची, कौल खाली, कौलाचे चार तुकडे. मग काही वर्षांनी हात भाजायचा थांबला. कधी थांबला ते तिलाही नेमकं सांगता आलं नसतं. एक दिवस तिनं भट्टीतून कौल काढलं, थप्पीवर ठेवलं, दुसरं काढलं, ठेवलं. म्हातारा बघत होता. त्यानं तिचा तळवा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "हिचा हात भाजून पक्का झाला. आजपासून हिला फुटकी म्हणाल तर याद राखा."

म्हाताऱ्याचं हे ठाम मत होतं. कच्च्या मातीला आगीत घातलं की ती पक्की होते, तसाच भट्टीवाल्याचा हात. सगळ्यांचा होत नाही, नशीबवानाचा होतो. त्याचा स्वतःचा झाला होता. चाळीस वर्षांपूर्वीच. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आत वळलेली होती आणि एकाचं टोक झिजलं होतं. ती साच्यावर झिजली असं तो सांगे आणि त्याच वाकड्या बोटाच्या पेरानं प्रत्येक कौल वाजवून बघे. खणखणीत वाजलं तर पास, बद्द वाजलं तर बाजूला.

भट्टी पेटली. दोन दिवस, दोन रात्री जळण ओतलं. तिसऱ्या दिवशी एक दिवसभर निवू दिली आणि चौथ्या सकाळी भट्टीच्या तोंडाच्या विटा काढल्या. आतून वाफ आली ती तोंडावर फडकं मारावं तशी. धाकटी जाऊ दोन पावलं मागं सरली. तिचा नवरा शहरात कामाला, ती इथं सासऱ्याच्या हाताखाली, आणि भट्टीशी तिचं कधी जमलं नाही.

"बाई गं, आत जाणार तुम्ही?"

"तू गोणपाट घेऊन इथं उभी राहा. मी देते, तू थप्पी लाव."

पक्कीनं डोक्याला फडकं घट्ट बांधलं आणि वाकून आत शिरली. आत उभं राहायला जागा नसते. उकिडवं बसायचं, हात लांब करायचा, वरच्या ओळीचं कौल अलगद सुटं करायचं, मागं वळून द्यायचं. घाम येतो आणि तिथंच वाळतो. भुवया करपतात. कौलांना मात्र ती उघड्या हातांनी धरत होती. ऊन लागावं तितपत काहीतरी जाणवे, मनगटाच्या वर. खाली काहीच नाही. हातात कौल आहे हे तिला वजनावरून आणि डोळ्यांनी कळे. नजर दुसरीकडे गेली की कौल निसटायचं, म्हणून ती एकसारखी हातांकडे बघत काम करी. लोकांना वाटायचं, किती लक्ष आहे बाईचं कामात.

दुपारपर्यंत सातशे कौलं निघाली. पंधरावीस तडकली, तेवढी तडकायचीच. म्हाताऱ्यानं पहिला चहा तिला द्यायला लावला. तिनं पेला घेतला आणि धाकटी म्हणाली, "अगंबाई, रक्त!"

पेल्याला रक्त लागलं होतं. पक्कीनं हात उलटा करून बघितला. करंगळीखाली कातडं सोललं होतं, केव्हा सोललं कोण जाणे.

"दुखत नाही?"

"छे. सवय आहे," पक्की म्हणाली आणि हात गाऱ्याच्या बादलीत बुडवून काढला. ओल्या मातीनं रक्त झाकलं गेलं. तिच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत कायम माती असे. धुवायचा कंटाळा म्हणून आहे असं घरचे समजत. मातीखाली मनगटाच्या वर एक चट्टा होता, तळहाताएवढा, फिकट, कोरडा. त्यावर केस उगवत नव्हते. दोन वर्षांपासून तो तिनं कुणाला दिसू दिला नव्हता. का, ते ती स्वतःला विचारत नसे.

एकाच गोष्टीचं तिला वाईट वाटलं होतं. त्याला वर्ष झालं असेल. नवऱ्याबरोबर टेम्पोतून कौलं पोचवून परत येत होती. रस्ता सरळ होता, नवरा एका हातानं चालवत होता. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "काय गं, रागावलीस?" तिनं खाली बघितलं तर त्यानं तिचा हात हातात धरला होता. केव्हाचा.

"नाही, कुठं काय," ती म्हणाली होती.

*

आठवड्यानं तपासणीवाली बाई आली. गावात तिला 'पेनवाली' म्हणत, कारण ती पेनानं माणसं तपासायची. पिशवी, वही, पायात बूट, आणि चेहऱ्यावर घरोघर 'नको' ऐकून आलेला एक मवाळपणा. वादळामुळं कुणी धड घरात नव्हतंच, त्यामुळं तिचं काम दुप्पट झालं होतं.

"घरातल्या सगळ्यांच्या अंगावर चट्टे आहेत का बघायचंय," ती म्हणाली. "पाच मिनिटांचं काम."

"आमच्या अंगावर कुठले चट्टे?" म्हातारा म्हणाला. "बघायचं तर सुनांचं बघा. मला हात लावायचा नाही."

खोलीत पेनवालीनं आधी धाकटीला तपासलं. पाठ बघितली, कानाच्या पाळ्या बघितल्या, कोपराच्या मागची शीर चाचपली. मग म्हणाली, "डोळे मिटा. मी पेनाचं टोक टेकवीन, जिथं टेकवलं तिथं बोट ठेवायचं." धाकटी डोळे मिटून पटापट बोट ठेवत गेली आणि गुदगुल्या होऊन हसायला लागली.

पक्की दारात उभी राहून बघत होती. धाकटी हसत होती याचं तिला आश्चर्य वाटलं.

तिची पाळी आली. पेनवालीनं हात धुवायला सांगितले. पक्कीनं धुतल्यासारखं केलं. चट्ट्यावरची माती तशीच राहिली.

"मिटा डोळे."

तिनं मिटले, पण पुरते नाही. पापण्यांच्या फटीतून पेनाचं टोक दिसत होतं. दंडावर टेकलं, तिनं बोट ठेवलं. तळव्यावर टेकलं, ठेवलं. करंगळीवर, ठेवलं. एकदाही चुकली नाही. आयुष्यात शाळा दोन वर्षं केली, पण त्या दिवशी पहिल्या नंबरानं पास झाली.

"ठीक आहे," पेनवाली वहीत लिहीत म्हणाली. "हे भाजलंय कशानं?"

"भट्टीवर."

"फडकं घेऊन काम करत जा हो. घरात अजून कोण?"

"एक मुलगी आहे, तिच्या बापाबरोबर गाडीवर गेलीय."

पेनवाली उठली. प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण बाहेर खाटेवर म्हातारा बसला होता, आणि त्याला राहवेना.

"बघितलंत का सुनेचे हात?" तो म्हणाला. "निखारा उचलते! तुमच्या दवाखान्यात आहे का असं कुणी? सांग गं, दाखव यांना."

"मामंजी, राहू द्या."

"लाजते कशाला? तीन वर्षांत एकदा आई गं म्हणून ओरडली नाही. गेल्या भट्टीला एवढं सालटं निघालं, हिला पत्ता नाही. सालटं! याला म्हणतात पक्का हात."

पेनवाली थांबली. पिशवी परत खाली ठेवली. तिनं पक्कीचा डावा हात धरला, रांजणातलं पाणी तांब्यानं ओतलं आणि आपल्याच रुमालानं कोपरापर्यंत पुसला. चट्टा उन्हात उघडा पडला. म्हातारा अजून बोलतच होता.

"वर झाडाकडे बघा," पेनवाली म्हणाली. पक्कीनं झाडाकडे बघितलं. वर एक घरटं होतं, वादळात कसं टिकलं कोण जाणे. ती घरट्याकडे बघत राहिली. खाली पेनवाली काय करत होती ते तिला कळलं नाही, आणि कळलं नाही हेच पेनवालीला कळलं.

"कधीपासून आहे?"

पक्कीनं पदर हातावर ओढून घेतला.

"ताई, हा हात पक्का झालेला नाही. आजार आहे. कुष्ठरोग. घाबरू नका, औषध आहे, फुकट आहे. वर्षभर गोळ्या घ्यायच्या. गोळी सुरू झाली की तुमच्यापासून दुसऱ्याला लागायचा धोका राहत नाही. बुधवारी दवाखान्यात या. मुलीला आणा. आणि आजोबा, तुमचाही हात..."

"बाई," म्हातारा उठून उभा राहिला. इतका वेळ हसणारा चेहरा लाल झाला. "मातीत कधी हात घातलाय तुम्ही? नाही ना? मग चला. दार तिकडं आहे."

पेनवाली गेली. जाताना एवढंच म्हणाली, "बुधवार. विसरू नका. हात गेला तर परत येत नाही."

पक्की अंगणात उभी होती. तिला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. रांजणावर झाकण ठेवायचं राहिलं होतं, ते ठेवलं.

संध्याकाळी नवरा आला, ऐकलं, आणि पायरीवर डोकं धरून बसला.

"गावात कळलं तर कौलं कोण घेईल?" तो हळूच म्हणाला. मग तिच्याकडे बघून म्हणाला, "तुला काही होतंय का?"

"काही होत नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं.

"मग राहू दे थोडे दिवस. एवढा हंगाम निघू दे. शाळेची कौलं जाऊ देत."

म्हाताऱ्यानं तर विषयच बंद केला. "त्या बाईला काय कळतंय," एवढं म्हणून तो जेवला. पक्कीला ते पटलं नव्हतं, पण पटवून घेणं सोपं होतं. हात पक्का असेल तर ती या घरात पक्की. हात आजारी असेल तर ती कोण? परत फुटकी.

सकाळी चहाच्या वेळी तिनं बघितलं, तिचा पेला बाकीच्या पेल्यांत नव्हता. धाकटीनं तो फळीवर वेगळा ठेवला होता, मिठाच्या बरणीमागं. पक्कीनं तो काढला, चहा ओतून घेतला, प्याली, धुतला आणि परत मिठाच्या बरणीमागं ठेवला. धाकटीची मान वर झाली नाही.

पहिला बुधवार आला तेव्हा भट्टी पेटलेली होती. दुसरा बुधवार आला तेव्हा भट्टी उपसायची होती. बुधवार काय, येतच राहतात.

*

शाळेला छप्पर नाही म्हणून पोरं मोकाट सुटली होती. पक्कीच्या मुलीला भिंगरी म्हणत. वय अकरा, एका जागी म्हणून ठरायची नाही. बापाबरोबर टेम्पोत जा, आजोबांचं जळण मोज, चिखलात बाहुल्या कर, आणि बडबड तर अखंड. तिला शाळेची कौलं आपण भाजतोय याचा फार तोरा होता. आपल्या वर्गावर कोणती कौलं बसणार ते तिनं ठरवूनसुद्धा ठेवलं होतं.

तिसरी भट्टी उघडली त्या दिवशी म्हाताऱ्यानं पुरता दिवससुद्धा निवू दिली नव्हती. शाळेच्या मास्तरांचा निरोप आला होता. पक्की आत शिरली तेव्हा मागच्या बाजूच्या विटा अजून लालसर दिसत होत्या. तिनं पहिली ओळ काढली. श्वास घ्यायला तोंड बाहेर काढायचं, परत आत. धाकटीची गोणपाटं करपायला लागली. ती दर दहा कौलांनी हात पाण्यात बुडवत होती आणि स्वतःशी पुटपुटत होती.

"काकी, तू बस जरा," भिंगरीचा आवाज आला. "मी घेते."

"तुला जमायचं नाही. भाजेल."

"आण तर. आई, दे!"

आत अंधार होता. बाहेर कोण हात पुढं करतंय हे पक्कीला दिसलं नाही. तिनं सवयीनं कौल मागं केलं आणि ते घेतलं गेलं. दुसरं घेतलं गेलं. तिसरं.

मग म्हाताऱ्याचं हसू ऐकू आलं. मोठ्यानं, खोकला येईपर्यंत.

"अरे बघा, बघा! याला म्हणतात रक्त! काकी गोणपाट घेऊन रडतेय आणि ही बघा उघड्या हातानं! तिसरी पिढी पक्की झाली रे!"

पक्की भट्टीतून मागच्या मागं सरकत बाहेर आली. उजेडात तिला क्षणभर काही दिसेना. मग दिसलं. भिंगरी डाव्या हातावर कौल घेऊन उभी होती. करंगळीच्या बाजूच्या कडेवर कौल टेकवलेलं, आणि आजोबांना सांगत होती की हे कौल फळ्याच्या बरोबर वर बसवायचं, मास्तरांच्या डोक्यावर. हात हलवून हलवून सांगत होती. कौलातून वाफ निघत होती.

"टाक ते," पक्की म्हणाली.

"का? मला भाजत नाही. तुझ्यासारखा झालाय माझा हात. बघ."

"टाक!"

कौल पडलं. चार तुकडे झाले. म्हातारा ओरडला, "अगं, वेड लागलं का तुला?" पण पक्कीनं पोरीला दंडाला धरून हौदामागं नेलं होतं.

तिनं हात धुतला. साबण नव्हता, राखेनं घासला. करंगळीच्या कडेला लाल पट्टा उठला होता, फोड धरायला लागला होता. पोरगी त्याकडे बघून म्हणाली, "अय्या." मनगटाच्या मागं एक फिकट डाग होता, बंद्या रुपयाएवढा. पक्कीला वाटलं, माती असेल. परत घासला. डाग तसाच.

"हा कधीपासून?"

"तो होय? केव्हाचाच आहे. तुझ्याकडे पण आहे ना, मोठा? मी सांगितलं नाही कुणाला. तू लपवतेस म्हणून मी पण लपवला."

पक्कीनं डोक्याचं फडकं सोडलं. घामानं भिजलेलं होतं. त्यानं तिनं पोरीचे डोळे बांधले, गाठ मागं घट्ट मारली, आणि नाकाजवळ फट राहिलीय का ते वाकून बघितलं. तिला फटीचं ठाऊक होतं.

"काय खेळतोय आपण?"

"मी काडी टेकवते. कुठं टेकवली सांगायचं."

हौदामागं खराटा पडला होता. त्याची एक काडी तिनं मोडून घेतली. तिच्या स्वतःच्या बोटांत काडी राहत नव्हती, बघून धरावी लागली. तिनं काडी पोरीच्या कोपरावर टेकवली.

"कोपर!"

अंगठ्यावर टेकवली.

"अंगठा. गुदगुल्या करू नको ना."

गालावर टेकवली.

"गाल! हे काय, सोपंच आहे."

मग तिनं काडी त्या डागावर ठेवली.

भिंगरी तोंड वर करून हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होती. पक्कीनं काडी दाबली. कातडीत खळगा पडला. करंगळीवर दाबली. काडी वाकली. पलीकडून म्हातारा हाका मारत होता, भट्टी उघडी पडलीय म्हणून.

"आई, टेकव ना," भिंगरी म्हणाली. "केव्हाची थांबलीये मी."

काडी मोडली.

पक्की खाली बसली. हौदाचं पाणी पायाखालून वाहत होतं, ते पायांना लागत होतं की नाही हे तिला कळेना. दोन वर्षं ती आपला हात बघत आली होती. एवढं लक्ष, एवढं लक्ष, आणि पोरीच्या हाताकडे तिनं एकदाही बघितलं नव्हतं. पेनवाली दारात आली होती. औषध दारात आलं होतं. आणि तिनं फटीतून बघून नंबर काढला होता.

"हरले का मी?" भिंगरीनं फडकं वर सरकवत विचारलं.

"तू नाही."

ती उठली. पोरीला घेऊन अंगणातून निघाली तसा म्हातारा आडवा आला.

"कुठं? भट्टी अर्धी आहे."

"निवू द्या."

या अंगणात हा शब्द म्हाताऱ्याशिवाय कुणी उच्चारला नव्हता. धाकटी गोणपाट हातात धरून बघत राहिली.

"संध्याकाळी गाडी भरायचीय. मास्तरांना मी शब्द दिलाय."

"मामंजी, पोरीला लागलंय ते. माझ्याचसारखं." तिचा आवाज सपाट होता, तिला स्वतःलाच तो दुसऱ्या कुणाचा वाटला. "हात पक्काबिक्का काही नसतं. माझा नव्हता. तिचा नाही. तुमचाही नसेल."

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. त्याच्या डाव्या हातात एक कौल होतं, वाजवून बघायला घेतलेलं. वाकडं बोट वर उचललेलं तसंच राहिलं. त्यानं नातीकडे बघितलं, तिच्या करंगळीच्या फोडाकडे बघितलं. कौल त्यानं न वाजवताच थप्पीवर ठेवलं.

"चाळीस वर्षं," तो म्हणाला. मग वाटेतून बाजूला झाला.

धाकटी मागून धावत आली. पक्कीला वाटलं, काही बोलेल. तिनं नुसत्या भिंगरीच्या चपला पुढं केल्या आणि परत फिरली.

*

दवाखाना तासाभराच्या चालीवर होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं निळं प्लास्टिक पांघरून बसली होती. एका घरावर बाप्या चढून यांचीच कौलं बसवत होता, त्यानं हात हलवला. पक्कीनं हलवला नाही. भिंगरीची बडबड निम्म्या वाटेत संपली.

"बुधवार नाहीये आज," ती म्हणाली.

"नसू दे."

पेनवाली आत टेबलाशी कागद भरत बसली होती. दोघींना दारात बघून तिनं पेन खाली ठेवलं. बोल लावला नाही. बसायला बाक पुढं केला आणि पोरीचा हात हातात घेतला. पक्कीनं एका दमात सगळं सांगितलं, फटीचंसुद्धा.

"नंतर आलं होतं माझ्या लक्षात," पेनवाली म्हणाली. "वर झाडाकडे बघायला सांगितलं ते उगाच नाही."

आतून डॉक्टर आले. चष्मेवाला, थकलेला तरुण माणूस. त्यांनी पोरीची कोपराची शीर चाचपली, बोटं ताणायला लावली, कागद बोटांच्या चिमटीत धरायला लावून ओढून बघितला. पक्की त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"बोटांत ताकद आहे अजून," ते म्हणाले. "लवकर आणलीत."

"लवकर?"

"हिच्या मानानं लवकर. गोळ्या सुरू केल्या की पुढं वाढणार नाही. थोडी संवेदना परत येईलही, सांगता येत नाही. तुमचा हात मात्र..." त्यांनी तिची वळलेली करंगळी सरळ करून बघितली. ती सरळ होईना. "उशीर झालाय. आहे तेवढा राखू."

पक्कीनं मान हलवली. स्वतःच्या हाताचं ऐकून तिला काही वाटलं नाही. दुसऱ्याच्या गाईबद्दल सांगावं तसं ते कानांवरून गेलं. तिच्या डोक्यात एकच घुमत होतं. पोरीचं कुठंकुठं गेलं असेल? डाग एकच दिसला. न दिसणारे किती? वाटेनं चालताना पोरीच्या पायाला खडे टोचत होते का? तिनं विचारलं नव्हतं. विचारायची हिंमत झाली नव्हती.

"कानाच्या पाळीतून तपासायला थोडं घ्यावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "बारीक चिरा. हलू नकोस हं, बाळ."

"आम्हाला नाही दुखत," भिंगरी ऐटीत म्हणाली. "आम्ही भट्टीवाले आहोत."

डॉक्टरांनी पाळी चिमटीत धरली. पातं लखलखलं. पक्कीनं बाकाची कड धरली, धरलीय हे बघून.

पोरगी किंचाळली. दवाखाना हादरेल अशी किंचाळली. पाय झाडले, डॉक्टरांचा चष्मा उडवला, टेबलावरचे कागद खाली गेले, आणि मग गळा काढून रडायला लागली. बाहेरच्या बाकावरचा एक म्हातारा आत डोकावून गेला.

पक्कीच्या तोंडून काहीतरी फुटलं. ते रडू आहे की हसू हे तिलाही कळलं नाही. तोंडावर हात दाबला तरी ते थांबेना. दोन वर्षांत पहिल्यांदा तिचे डोळे वाहत होते. तिनं पोरीला ओढून छातीशी धरलं.

"दुखलं?" तिनं विचारलं. "खरंच दुखलं?"

"दुखलं म्हणजे काय! मेले मी!" भिंगरी हुंदके देत ओरडली. तिनं मान मागं घेऊन आईचं तोंड बघितलं आणि तिचा संताप अनावर झाला. "तू हसतेस? मला एवढं लागलंय आणि तू हसतेस?"

"रड गं बाई," पक्की म्हणाली. "रड. अजून मोठ्यानं रड."